मराठी मुलाचे इंग्रजी व्याकरण



आज इंग्रजी व्याकरणाविषयी थोडे बोलायचे आहे. हे शब्द कानावर पडताच पुष्कळांचा हात रेडिओच्या बटणाकडे जाईल, याची मला कल्पना आहे. पण एक गोष्ट सांगून होईपर्यंत थांबा. मग हवे तर खुशाल बंद करा.

आमच्या भागातल्या एका लहान गावातला मुलगा बारावी होऊन शहरात शिकायला आला. वसतिगृहाची फी भरायला त्याला महिनाभराची मुदत हवी होती. घरी बोलणे झाले होते. बाबा म्हणाले होते, ‘सोयाबीन विकलं की मी फी भरीन.’ मुलाने इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात वाक्य होते : ‘माय फादर टोल्ड दॅट आय विल पे द फीज आफ्टर सेलिंग सोयाबीन.’ अर्ज वाचणारे गृहस्थ मराठी नव्हते. त्यांनी वाक्याचा सरळ अर्थ घेतला, की वडिलांनी हात वर केले आहेत, सोयाबीन हा मुलगाच विकतो आणि फीही तोच भरणार. म्हणजे मुलगा मिळवता आहे! झाले. ‘स्वतःच्या उत्पन्नाचा दाखला आणावा’ असा शेरा अर्जावर पडला. पोरगा दोनदा तहसील कचेरीत जाऊन आला. दाखला मिळेना, कारण मुळात उत्पन्नच नव्हते. शेवटी अर्जाचा कागद घेऊन माझ्याकडे आला, आणि पहिलेच वाक्य बोलला ते असे : ‘सर, माझं इंग्लिश कच्चं आहे.’

मी अर्ज वाचला. स्पेलिंग एकही चुकलेले नव्हते. अक्षर नेटके होते. आणि खरे सांगायचे तर ते वाक्यही निष्काळजीपणाने लिहिलेले नव्हते. त्यात एक नियम अगदी इमानाने पाळलेला होता. फक्त तो नियम इंग्रजीचा नव्हता, मराठीचा होता.

मराठीत आपण म्हणतो, ‘बाबा म्हणाले की मी फी भरीन.’ यातला ‘मी’ कोण? बाबा. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. कारण मराठी माणूस दुसऱ्याचे बोलणे सांगताना ते त्याच्या तोंडून जसे निघाले तसेच पुढे ठेवतो. आधी एक ‘की’ घातला की काम झाले. इंग्रजीत ‘दॅट’ आला की सगळे बोलणे सांगणाऱ्याच्या तोंडात येते. तिथे ‘आय’ म्हणजे अर्ज लिहिणारा. दुसरा कुणी असूच शकत नाही. म्हणून बाबांचा ‘मी’ तिथे ‘ही’ व्हायला हवा, आणि बोलणे मागे होऊन गेलेले म्हणून ‘विल’चा ‘वुड’ व्हायला हवा : ‘माय फादर सेड दॅट ही वुड पे द फीज.’ शिवाय ‘टोल्ड’ला कुणाला सांगितले ते लागते, ‘टोल्ड मी’ असे. आपले ‘सांगितले’ तेवढ्यावाचून चालते. बस्स, एवढीच दुरुस्ती. पाच मिनिटांत मुलाला कळली. पण तोवर त्या एका ‘मी’पायी तहसीलच्या दोन खेपा पडल्या होत्या, आणि आपल्याला काही येत नाही ही खूणगाठ त्याने मनाशी बांधली होती. खेपा विसरता येतात. ती गाठ सुटायला वेळ लागतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मला आज जे सांगायचे आहे ते या अर्जातच आहे. आपली मुले इंग्रजीत ज्या चुका करतात, त्यांतल्या बऱ्याचशा अज्ञानाच्या नसतात. मूल आधी एक भाषा पक्की शिकून आलेले असते आणि तिचे नियम ते इकडे लावते. दोन भाषांचे नियम जिथे जुळतात तिथे मूल चुकत नाही. जिथे वाट फुटते तिथे ते हमखास मराठीच्या वाटेने जाते. तो फाटा कुठे आहे, हे दाखवणे म्हणजे मराठी मुलाला इंग्रजी व्याकरण शिकवणे.

आपली व्याकरणाची पुस्तके मात्र हा फाटा क्वचितच दाखवतात. त्याला कारण आहे. जुनी इंग्रजी व्याकरणे लॅटिनच्या साच्यावर घडली. लिंडले मरे याचे १७९५ सालचे व्याकरण पुढे अनेक वर्षे शाळांतून चालले, आणि आपल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढेही त्याचाच नमुना होता. म्हणून आपल्याकडे दोन्ही भाषांची व्याकरणे सारख्याच व्याख्यांनी सुरू होतात : नाम म्हणजे काय, सर्वनाम म्हणजे काय, शब्दांच्या जाती किती. व्याख्या वाईट असे मी म्हणत नाही. पण नामाची व्याख्या घडाघडा म्हणणारे पोर ‘डज ही गोज’ म्हणायचे काही थांबत नाही. त्या मानाने ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ अधिक व्यवहारी. तिने मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी बसवले. आपल्या आजोबा-पणजोबांना तिच्याने इंग्रजी आली ती त्या शेजारामुळे, असे माझे मत आहे.

आता एकेक फाटा पाहू.

‘वाघाने शेतकऱ्याला मारले.’ हे वाक्य उलट करा : ‘शेतकऱ्याला वाघाने मारले.’ आणखी फिरवा : ‘मारले वाघाने शेतकऱ्याला!’ कसेही फिरवा, मेला तो शेतकरीच. का? तर ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय ज्याच्या त्याच्या अंगाला चिकटलेले आहेत. वाक्यात कुठेही जाऊन बसले तरी मारणारा कोण आणि मेलेला कोण ही ओळख पुसत नाही. आता इंग्रजीत पाहा. ‘द टायगर किल्ड द फार्मर.’ इथे वाघाला ‘ने’ नाही, शेतकऱ्याला ‘ला’ नाही. मग कोणी कोणाला मारले ते कळते कशावरून? केवळ जागेवरून. क्रियापदाच्या आधी जो बसला तो करणारा, नंतर बसला तो सोसणारा. जागा बदलून ‘द फार्मर किल्ड द टायगर’ म्हटले, की शेतकरी जिवंत आणि वाघ ठार. मराठीत नाते प्रत्यय सांगतो, इंग्रजीत ते जागा सांगते. माझ्या समजुतीने इंग्रजी व्याकरणाचा पहिला धडा हाच असावा. तो फळ्यावर वाघ आणि शेतकरी यांची चित्रे काढून पहिलीतल्या मुलालाही सांगता येतो.

तुम्ही म्हणाल, इंग्रजीने ही अडचण का करून घेतली? मुद्दाम केली नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वी, आल्फ्रेड राजाच्या काळी, इंग्रजी नामांनाही आपल्यासारखे प्रत्यय होते आणि शब्दांना वाक्यात पुष्कळ मोकळीक होती. बोलता बोलता ते शेवटचे अवयव झिजत गेले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, राजदरबारी फ्रेंच आली, इंग्रजी सामान्य लोकांच्या तोंडी राहिली, आणि पुढच्या शतकांत ही झीज जवळजवळ पुरी झाली. प्रत्यय गेले तशी जागा पक्की झाली. जुन्याची थोडी खूण सर्वनामांत उरली आहे. आपले ‘मी-मला’ तसे त्यांचे ‘आय-मी’, ‘तो-त्याला’ तसे ‘ही-हिम’, ‘ती-तिला’ तशी ‘शी-हर’. मुलांना ‘हिम’ कुठे आणि ‘ही’ कुठे याचा घोळ होतो, तेव्हा त्याच्या मराठी वाक्यात ‘ला’ आहे का ते विचारा. निम्मा घोळ तिथेच सुटेल. निम्मा म्हणतो, कारण ‘मला भूक लागली’ यात ‘ला’ आहे आणि इंग्रजीत तिथे ‘आय ॲम हंग्री’. तेवढी सावधगिरी ठेवावी.

जागेचीच दुसरी गंमत. तुमच्या गावाचा पत्ता मराठीत सांगा बरे, एका दमात. ‘पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्यातल्या एका गावातल्या शाळेत.’ आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि शेवटी शाळा. आता इंग्रजीत : ‘इन अ स्कूल इन अ व्हिलेज इन भोर तालुका इन पुणे डिस्ट्रिक्ट.’ पहिली शाळा, शेवटी जिल्हा. आरशात पाहावे तसे सगळे उलटे. आपले ‘आत’, ‘वर’, ‘खाली’ हे नामाच्या मागून येतात, त्यांचे ‘इन’, ‘ऑन’, ‘अंडर’ नामाच्या पुढे. ‘झाडाखाली’ आणि ‘अंडर द ट्री’. म्हणून मोठे वाक्य भाषांतर करताना मुलाला शेवटाकडून सुरुवात करायला सांगा. शेवटचा शब्द आधी, आणि तिथून मागे मागे चालत या. आमच्या पुष्कळ मुलांना ही एक युक्ती सांगितली आणि त्यांची वाक्ये उभी राहू लागली.

प्रश्न विचारण्यात मात्र इंग्रजी खरोखरच चमत्कारिक आहे. मराठीत वाक्य जसेच्या तसे ठेवायचे आणि शेवटी ‘का’ जोडायचा. ‘तो शाळेत जातो.’ ‘तो शाळेत जातो का?’ इतके सोपे. इंग्रजीत ‘ही गोज टु स्कूल’ याचा प्रश्न करायला कुठून तरी एक ‘डज’ येऊन पुढे उभा राहतो : ‘डज ही गो टु स्कूल?’ त्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. मुले लिहितात, ‘डज ही गोज?’, ‘डिड ही वेंट?’ मी मुलांना हमालाचा दाखला देतो. वाक्यात काळाचे ओझे एकच असते आणि ते एकाच डोक्यावर राहते. ‘डू’ नसतो तेव्हा ओझे ‘गो’च्या डोक्यावर : ‘गोज’, ‘वेंट’. ‘डू’ आला की ते त्याने उचलले : ‘डज’, ‘डिड’. मग ‘गो’ मोकळा होऊन साधा ‘गो’ राहतो. एक ओझे दोघांच्या डोक्यावर कसे ठेवाल? नकाराचेही तसेच : ‘ही डज नॉट गो’, ‘ही डिड नॉट गो’. आणि ‘इज’, ‘कॅन’, ‘विल’ ही मंडळी अंगाने धट्टीकट्टी. त्यांना हमाल लागत नाही. ती स्वतःच उठून पुढे येतात : ‘इज ही?’, ‘कॅन ही?’ पूर्वी सगळीच इंग्रजी क्रियापदे अशी पुढे येऊ शकत होती. शेक्सपिअरच्या काळापर्यंत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, दोन्ही तऱ्हा चालत होत्या. नंतर ‘डू’ने बाजी मारली.

‘गोज’मधल्या त्या ‘ज’बद्दलही मुले कुरकुर करतात, की ‘आय गो’, ‘यू गो’, ‘दे गो’ आणि एकट्या ‘ही’लाच ‘गोज’ कशाला? त्यांना सांगावे, बाबांनो, तुम्ही ‘मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तो जातो, ती जाते, आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात’ हे कधी पाठ केले होते का? ‘रामाने आंबा खाल्ला’ पण ‘रामाने चिंच खाल्ली’. खाणारा राम, आणि क्रियापद चालते आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या तालावर! विल्यम कॅरीने १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले, ते साहेबलोकांना मराठी शिकता यावी म्हणून. त्या साहेबांना या आंब्या-चिंचेने काय घाम फोडला असेल! तुमचे चार वर्षांचे पोर ते झोपेत बरोबर बोलते. ज्याला एवढे येते त्याला एक ‘ज’ जड जाऊ नये. जड जातो तो केवळ ‘तुला यायचे नाही’ असे कोणी आधीच सांगून ठेवल्यामुळे.

इथे एक चूक सांगतो. मला ती चूक म्हणताना जरा वाईट वाटते. मूल लिहिते, ‘माय फादर आर इन द फील्ड.’ गुरुजी लाल शाईने ‘आर’ खोडून ‘इज’ करतात. पण मूल मनात काय म्हणत होते? ‘माझे बाबा शेतात आहेत.’ ‘बाबा शेतात आहे’ असे आपल्याकडे पुष्कळ घरांत कोणी म्हणणार नाही. मोठ्या माणसाला आपण आदराने अनेकवचन लावतो, आणि मुलाने तोच आदर इंग्रजीत नेला. त्याला सांगावे, की इंग्रजीत आदर क्रियापदात ठेवत नाहीत. तिथे राजालाही ‘ही’ आणि ‘इज’. आणि ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या तिघांना मिळून एकच ‘यू’. त्यांच्याकडेही ‘तू’साठी ‘दाउ’ असा वेगळा शब्द होता, तो मागे पडला. आदर दाखवायचा तो ‘सर’, ‘प्लीज’, ‘वुड यू’ अशा शब्दांतून आणि आवाजातून दाखवायचा. एवढे सांगितले की मुलाच्या मनातला संकोच जातो. नाहीतर ‘माय फादर इज’ लिहिताना त्याचा हात अडखळत राहतो, आणि आपण समजतो की याला एकवचन-अनेकवचन येत नाही.

आता ‘अ’ आणि ‘द’. मराठीत हे नाहीतच, तेव्हा मुलांना ते कळायचे नाहीत, असे पुष्कळ शिक्षक धरून चालतात. मला तसे वाटत नाही. आजीच्या गोष्टीची सुरुवात आठवा. ‘एका गावात एक शेतकरी होता. त्या शेतकऱ्याला दोन मुलगे होते.’ पहिल्यांदा शेतकरी आला तेव्हा आजी ‘एक शेतकरी’ म्हणाली. ऐकणाऱ्याशी त्याची ओळख नव्हती. दुसऱ्या वाक्यात ओळख झाली, तेव्हा ‘तो शेतकरी’, ‘त्या शेतकऱ्याला’. इंग्रजीत हुबेहूब हेच : पहिल्यांदा ‘अ फार्मर’, मग ‘द फार्मर’. इतकेच नव्हे, तर इंग्रजीतला ‘अ’ हा मुळात त्यांच्या ‘एक’ या शब्दापासूनच झिजून झाला आहे, आणि ‘द’ हा ‘दॅट’चा भाऊबंद. फरक एवढाच, की आपण ‘एक’ आणि ‘तो’ गरज वाटली तर लावतो, इंग्रजीत ते सहसा टाळता येत नाहीत. ‘माझा भाऊ शिक्षक आहे’ यात आपण ‘एक’ घालत नाही, पण तिथे ‘अ टीचर’ म्हणावेच लागते. आणि गावांच्या व माणसांच्या नावांना बहुधा ‘द’ नको, कारण नाव म्हटले की ओळख आलीच. पंढरपूरला ‘द’ कशाला?

‘अ’ आणि ‘ॲन’ यांचा नियम तर मराठी मुलाला इंग्रज मुलापेक्षा सोपा आहे. पुस्तकात सांगतात, स्वरापूर्वी ‘ॲन’. आणि मुले ए, ई, आय, ओ, यू ही इंग्रजी अक्षरे शोधत बसतात आणि फसतात. मी म्हणतो, तो शब्द देवनागरीत लिहा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास : इंग्रजीत आधी एक मुका एच, पण देवनागरीत ‘अ’, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ : इंग्रजीत यू, पण आपल्याकडे ‘य’, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-डे मॅच’ : ‘व’, म्हणून ‘अ’. आणि आपली एस.टी. बस? ‘ए’ने सुरू होते, तेव्हा ‘ॲन एस.टी. बस’. हा नियम कानाचा आहे, डोळ्याचा नाही, आणि आपली लिपी कानाशी फार प्रामाणिक आहे.

आता शेवटचा फाटा. तो सगळ्यांत फसवा आहे, आणि मी स्वतः त्यात सापडलो होतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. पहिलीपासून ती आली २००० साली. नववीत असताना मला ‘एक प्रवास’ या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या. मी आजोबांबरोबर आषाढीला गेलो होतो ते लिहिले : ‘आय हॅड गॉन टु पंढरपूर विथ माय ग्रँडफादर लास्ट इयर.’ वही परत आली. ‘हॅड गॉन’वर लाल रेघ, वर ‘वेंट’. पुढे ‘वी हॅड वॉक्ड’वर रेघ. ‘वी हॅड सीन’वर रेघ. दहा ओळींत सात रेघा. का चुकले, ते आमच्या शिक्षकांनी सांगितले नाही; त्यांनाही कधी कोणी सांगितले नसावे. पुढची कित्येक वर्षे ‘हॅड’ दिसला की मी तो भीतीने खोडून टाकी, बरोबर असला तरी. कारण कळले ते एम. ए.च्या वर्गात, तेही आपसूक.

कारण असे. मराठीत ‘मी पंढरपूरला गेलो’ आणि ‘मी पंढरपूरला गेलो होतो’ ही दोन्ही वाक्ये सुटी, एकेकटी उभी राहतात. ‘गेलो होतो’ म्हणजे गेलो आणि परतही आलो. ती गोष्ट संपली, मागे पडली. ‘काल कुठे होतास?’ ‘बाजारला गेलो होतो.’ यात काही चूक नाही. इंग्रजी ‘हॅड गॉन’ मात्र एकट्याने उभे राहत नाही. त्याला मागच्या काळातलीच दुसरी एक घटना टेकायला लागते, आणि ‘हॅड’वाली घटना तिच्याही आधीची असावी लागते. ‘मी घरी पोचलो तेव्हा आजोबा पंढरपूरला गेले होते.’ पोचणे मागचे, आणि जाणे त्याच्याही मागचे. इथे मात्र ‘माय ग्रँडफादर हॅड गॉन टु पंढरपूर’ हेच योग्य. दुसरी घटना नसेल तर साधा ‘वेंट’. मुलाला एवढाच प्रश्न विचारावा : ‘कशाच्या आधी?’ उत्तर देता आले तर ‘हॅड’ ठेव, नाहीतर काढ.

याचीच धाकटी बहीण ‘हॅव’. ‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे मराठीत चालते, म्हणून मुले लिहितात ‘आय हॅव सेंट द लेटर येस्टरडे’. इंग्रजीत ‘हॅव’ची दृष्टी आजवर असते, आणि ‘येस्टरडे’ म्हटले की दार लागले. दोघे एका वाक्यात नांदत नाहीत. ‘काल’ ठेवायचा तर ‘आय सेंट’. ‘हॅव’ ठेवायचा तर ‘काल’ काढा.

शिक्षकांना एक विनंती करतो. मुलाचे चुकलेले इंग्रजी वाक्य खोडण्याआधी त्याला विचारा, ‘हे मराठीत काय म्हणायचं होतं रे तुला?’ ते सांगेल. दहापैकी सात-आठ वेळा तुम्हाला त्या मराठी वाक्यातच चुकीचे मूळ सापडेल. मग दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहा आणि फाटा कुठे फुटला तिथे खडूने खूण करा. वर्गात साठ मुले असतात, वेळ नसतो, हे मला माहीत आहे. रोज एकच वाक्य घ्या. वर्षाला दोनशे होतील.

आणि ज्यांनी अजून रेडिओ बंद केलेला नाही, त्यांना घरच्यासाठी तीन वाक्ये देतो. इंग्रजी करून पाहा. शेजारच्या शाळेतल्या मुलाला बरोबर घ्या. पहिले : ‘आई म्हणाली की मी उद्या येईन.’ दुसरे : ‘गुरुजी काल तालुक्याला गेले होते का?’ तिसरे : ‘आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एस.टी. सुटली होती.’ पहिल्यात ‘मी’ कोण आणि ‘उद्या’ कुणाची, ते आधी ठरवा. दुसऱ्यात ‘हॅड’ नको, ‘डिड’ हवा, आणि गुरुजी एकवचनी. तिसऱ्यात मात्र ‘हॅड’ अगदी निर्धास्तपणे घाला : ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ आपण पोचण्याच्या आधीच ती सुटलेली होती.